दहावीच्या पुस्तकातून गेलेली चौकट

एनसीईआरटीच्या दहावीच्या विज्ञानाच्या जुन्या पुस्तकात एक चौकट होती, पृथ्वीवर जीवसृष्टी कशी सुरू झाली याबद्दलची. ब्रिटिश शास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९२९ मध्ये मांडलेला, साध्या निर्जीव रेणूंतून जीव घडला असावा हा तर्क आणि तो तपासणारा मिलर-युरी या अमेरिकन शास्त्रज्ञांचा १९५३ चा प्रयोग एवढाच तिचा ऐवज. मिथेन-अमोनियासारखे वायू, पाणी, विजेच्या ठिणग्या, आणि आठवड्याभरात त्यातून अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनं ज्यांची बनतात ते रेणू. हाल्डेन पुढे भारताचे नागरिक झाले, हेही कंसात दिलं होतं. २०२२ मध्ये अभ्यासाचा भार हलका करताना ही चौकट गेली. तिच्यासोबत उत्क्रांतीचा सगळा भाग गेला आणि 'आनुवंशिकता आणि उत्क्रांती' या धड्याचं नाव नुसतं 'आनुवंशिकता' उरलं. एप्रिल २०२३ मध्ये अठराशेहून जास्त शास्त्रज्ञ-शिक्षकांनी सह्या करून विरोध केला.

आमच्या शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हा विषय अधूनमधून पेटतो. पुण्यातला एक मित्र दरवेळी दोन गोष्टी सुनावतो. "अरे, बारावीत आहे की! आणि तू तिकडे अमेरिकेत, मेरीलँडमध्ये बसून आमच्या पोरांची काळजी कशाला करतोस?" पहिलीचं उत्तर सोपं आहे. बारावीत जीवशास्त्र घेणारी मुलं किती? बाकीच्यांची जीवशास्त्राशी शेवटची गाठ दहावीतच पडते. दुसरा टोमणा मात्र मला लागतो, कारण त्यात तथ्य आहे. इथे बसून मत द्यायला काही पडत नाही.

मी राहतो तिथून जवळच, कॉलेज पार्कच्या मेरीलँड विद्यापीठात, सिरिल पोन्नंपेरुमा हे रसायनशास्त्रज्ञ १९७१ पासून १९९४ मध्ये मृत्यू येईपर्यंत काम करत होते. श्रीलंकेतल्या गॉलचा माणूस. पहिली पदवी मद्रास विद्यापीठाची, तीही तत्त्वज्ञानाची. मग संध्याकाळचे वर्ग भरवणाऱ्या लंडनच्या बर्कबेक कॉलेजात भौतिकशास्त्रज्ञ जे. डी. बर्नाल यांच्या सहवासात रसायनशास्त्र, आणि १९६२ मध्ये कॅलिफोर्नियात बर्कलीला नोबेल विजेते रसायनशास्त्रज्ञ मेल्व्हिन कॅल्व्हिन यांच्याकडे डॉक्टरेट. पुढे नासाच्या एम्स केंद्रात जीवसृष्टीच्या रासायनिक उगमाचा शोध हाच त्यांचा धंदा झाला. १९६३ मध्ये खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन आणि रूथ मरिनर यांच्यासह त्यांनी दाखवलं की आदिम पृथ्वीवर असू शकेल अशा परिस्थितीत, अतिनील किरणांखाली, एटीपी तयार होऊ शकतं. आपल्या प्रत्येक पेशीत ऊर्जेची देवघेव करणारा रेणू तो हाच.

माझा आवडता किस्सा मर्चिसनचा. २८ सप्टेंबर १९६९ रोजी ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरियातल्या मर्चिसन गावाजवळ उल्का पडली. उल्केत अमिनो आम्लं सापडल्याचे दावे आधीही झाले होते आणि त्यांवर साधा आक्षेप असे: दगड कुणीतरी हातात धरला असणार. बोटाच्या ठशातूनही अमिनो आम्लं मिळतात! कीथ क्वेनव्होल्डन, पोन्नंपेरुमा आणि सहकाऱ्यांनी १९७० मध्ये जे प्रसिद्ध केलं त्याचं मोल इथे कळतं. अमिनो आम्लांची एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमेसारखी डावी आणि उजवी अशी दोन रूपं असतात आणि सजीवांच्या प्रथिनांत डावखुरीच असतात. या दगडात डावी आणि उजवी जवळपास सारखी निघाली, शिवाय प्रथिनांत कधी नसणारी काही प्रकारची आम्लंही निघाली. बोटातून आली असती तर डावीच जास्त निघाली असती. ठशाचा आक्षेप तिथेच निकालात निघाला. विज्ञान कसं चालतं हे दहावीच्या पोराला दाखवायला याहून बरा धडा मला सुचत नाही. त्यात पाठ करण्यासारखं जवळपास काही नाही.

पोन्नंपेरुमा मायदेशाबद्दल नुसती मतं देत बसले नाहीत. मेरीलँडची प्रयोगशाळा चालू ठेवून १९८४ मध्ये त्यांनी कँडीच्या मूलभूत संशोधन संस्थेचं संचालकपद घेतलं, राष्ट्राध्यक्षांचे विज्ञान सल्लागार झाले, आणि तेही श्रीलंका यादवीत होरपळत असताना. इटलीत ट्रिएस्टमधल्या, पाकिस्तानी भौतिकशास्त्रज्ञ अब्दुस सलाम यांच्या केंद्रात १९९२ मध्ये रासायनिक उत्क्रांतीवर परिषद भरवण्यातही ते होते; गरीब देशांतल्या तरुण संशोधकांना त्या दालनात जागा मिळावी हा त्यांचा ध्यास. मित्राच्या टोमण्यापुढे पोन्नंपेरुमा ताठ उभे राहतील. माझ्यासारख्या पगारदाराला ते जमणारं नाही.

तरी एक गोष्ट मी इथे राहिल्यामुळेच पाहिली आहे. अमेरिकेला यात गुरू मानायचं काहीच कारण नाही. गॅलपच्या २०२४ च्या पाहणीत ३७ टक्के अमेरिकनांनी सांगितलं की देवाने माणूस आजच्याच रूपात घडवला. पण माझ्या घरापासून दीड-दोन तासांवर, पेनसिल्व्हेनियातल्या डोव्हर गावात जे घडलं ते बघा. २००४ मध्ये तिथल्या शाळा मंडळाने ठरवलं की डार्विनच्या सिद्धांतातल्या त्रुटी आणि 'बुद्धिमान रचना', म्हणजे जीवसृष्टी कुणा बुद्धिमान कर्त्याने आखून घडवली ही कल्पना एका निवेदनातून मुलांच्या कानावर घालायची. विज्ञान शिक्षकांनी ते निवेदन वर्गात वाचायला नकार दिला. अकरा पालक कोर्टात गेले. मंडळाच्या बाजूचा जीवरसायनशास्त्रज्ञ साक्षीत म्हणाला, रोगप्रतिकार यंत्रणा कशी उत्क्रांत झाली याचं उत्तर विज्ञानाकडे नाही. उलटतपासणीत वकिलाने त्याच विषयावरचे ५८ शोधनिबंध आणि नऊ पुस्तकं त्याच्यासमोर रचली. निकाल लागायच्या आधीच गावाने निवडणुकीत ते मंडळ घरी बसवलं आणि डिसेंबर २००५ मध्ये १३९ पानी निकाल पालकांच्या बाजूने लागला.

आपल्याकडे जानेवारी २०१८ मध्ये केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह औरंगाबादेत म्हणाले होते की डार्विन चुकीचा आहे, माकडाचा माणूस होताना आपल्या पूर्वजांनी पाहिल्याचं कुठे लिहिलेलं नाही. खूप हसलो आपण. मला त्या विधानाचं फारसं भय वाटलं नाही, कारण ते उघड होतं, त्याला उत्तर देता आलं आणि शास्त्रज्ञांनी ते दिलंही. चार वर्षांनी चौकट गेली तेव्हा डार्विन चुकीचा असं कुणीच म्हणालं नाही. भार कमी केला, एवढंच. उलटतपासणी घ्यायची कुणाची? पोरांच्या दप्तराच्या ओझ्याविरुद्ध कोण बोलणार?

म्हणून मित्राला माझं सांगणं असं की एनसीईआरटी राहू दे, तुझ्या दाराशी बघ. बालभारतीच्या दहावीच्या विज्ञान भाग २ चा पहिलाच धडा 'आनुवंशिकता व उत्क्रांती' आहे. राज्याचा अभ्यासक्रम आता सीबीएसईच्या धर्तीवर टप्प्याटप्प्याने बदलायचं चाललं आहे. दहावीचं नवं पुस्तक येईल तेव्हा तो धडा असेल का, नसेल तर कुणी काढला आणि कारण काय दिलं, हे छपाईच्या आधी विचारायला हवं. पुस्तकाचा मसुदा हरकतींसाठी खुला झाला तर मीही इथून लिहीनच. पण सेनापती बापट रोडवर बालभारतीच्या ऑफिसात जाऊन विचारणं तुलाच जमेल, स्कूटरवरून दहा मिनिटांत.