‘पॅक-मॅन’ची कॅसेट आणि ‘पाट्या टाकल्या’ हा आरोप: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. दोन ओळींत उत्तर देऊन भागणार नाही, म्हणून सविस्तर लिहितो. अटारी २६०० या टीव्हीला जोडायच्या घरगुती गेम मशीनवरच्या ‘पॅक-मॅन’बद्दल (चक्रव्यूहात ठिपके खात भुतांपासून पळायचा गेम) मी लिहिलं होतं की त्या मशीनवर याहून चांगला पॅक-मॅन होणं शक्यच नव्हतं. तुमचं म्हणणं असं: ही पळवाट आहे. त्याच मशीनवर वर्षभरात ‘मिस पॅक-मॅन’ झकास उतरला, पुढे हौशी प्रोग्रामरांनी कॅसेटच्या तेवढ्याच ४ केबी (किलोबाइट) जागेत कितीतरी सरस पॅक-मॅन करून दाखवला. म्हणजे तो गेम लिहिणारे अटारीचे प्रोग्रामर टॉड फ्राय यांनी पाट्या टाकल्या आणि मी त्यांची वकिली करतोय.

‘शक्यच नव्हतं’ हे माझं वाक्य चूक होतं. ते मी लेखातून काढलं आहे. पण ‘पाट्या टाकल्या’ हे मला पटत नाही, आणि का पटत नाही हे सांगायला मशीनच्या पोटात शिरावं लागेल.

१९७७ साली आलेल्या या मशीनमध्ये रॅम, म्हणजे गेम चालू असताना वापरायची मेमरी, होती १२८ बाइट. किलोबाइट नव्हे, बाइट. पडद्यावरचं चित्र साठवून ठेवायला त्यात जागाच नाही. त्यामुळे टीव्हीचा किरण एकेक रेषा रंगवत जातो तेव्हा प्रोग्रामने त्याच्या पुढे पुढे धावत त्या रेषेचं चित्र तयार ठेवायचं. एका रेषेला प्रोसेसरच्या वाट्याला ७६ सायकल (प्रोसेसरचे ठोके) येतात आणि सगळ्यात छोटी आज्ञासुद्धा त्यातल्या दोन खाते. हलत्या चित्रांसाठी आठ पिक्सेल रुंदीचे दोन स्प्राइट (पडद्यावर हवी तिथे हलवता येणारी छोटी चित्रं), जोडीला दोन गोळ्या आणि एक चेंडू. बस. कारण हे मशीन घडवलं गेलं ते ‘पाँग’ आणि ‘टँक’सारखे दोघांत खेळायचे गेम घरी आणण्यासाठी.

आता ‘स्पेस इन्व्हेडर्स’ बघा. रिक मॉरर यांनी १९८० मध्ये तो याच मशीनवर आणला. व्हिडिओ गेम पार्लरमधल्या मूळ गेमच्या ५५ परग्रहवाल्यांचे घरी ३६ झाले, चार आडोशांचे तीन झाले, आणि तरीही लोकांनी तो डोक्यावर घेतला. यात मॉरर यांचं कौशल्य आहेच, पण गेमचा स्वभावही मशीनला मानवणारा होता. अटारीची चिप एका स्प्राइटच्या शेजारी शेजारी तीन प्रती काढू शकते. दोन स्प्राइट, प्रत्येकी तीन प्रती, म्हणजे एका रांगेत सहा. रांग संपली की तेच स्प्राइट खालच्या रांगेला पुन्हा वापरायचे. सहा रांगा, छत्तीस जण. सगळे एका चालीत सरकतात, म्हणून हे जमतं.

पॅक-मॅनमध्ये स्वतः पॅक-मॅन आणि चार भुतं असे पाच जीव आहेत आणि प्रत्येकाची वाट वेगळी. ते कधीही एकाच उंचीवर येऊ शकतात. फ्राय यांनी एक स्प्राइट पॅक-मॅनला दिला आणि दुसरा चार भुतांना आळीपाळीने. सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे प्रत्येक भूत सेकंदाला १५ वेळा दिसणार. लुकलुक आली ती इथून. (तुम्ही ती व्हिडिओत पाहिली असेल, तर सेकंदाला ३० फ्रेमच्या व्हिडिओत एकाआड एक फ्रेम गळते आणि चारांपैकी दोन भुतं दिसतच नाहीत. जुन्या टीव्हीच्या काचेवर उजेड क्षणभर रेंगाळायचा. एम्युलेटरमध्ये (जुन्या मशीनची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये) हा रेंगाळणारा उजेड दाखवणारी फॉस्फरची सोय चालू करून बघा, बराच फरक पडतो.)

शिवाय फ्राय यांनी दोघांनी आळीपाळीने खेळायची सोय राखली. पॅक-मॅनने खायचे मूळचे २४४ ठिपके घरी १२६ झाले. एका ठिपक्याला एकच बिट (बाइटचा आठवा भाग) धरला तरी कुणी काय खाल्लं हे लक्षात ठेवायला दोघांचे मिळून ३२ बाइट लागतात. १२८ मधला चौथा हिस्सा! तो वाचवून भुतांवर खर्चता आला असता. पण भावंडांनी मिळून खेळावा असा गेम करायचा की एकट्याला देखणा वाटेल असा, हा खरा पेच होता, आणि त्यांनी निवड केली. ती मला आवडत नाही. पण तिला आळस म्हणवत नाही.

तुमचा राग मला पूर्ण पटतो तो रंगांवर. काळ्या पार्श्वभूमीवर निळ्या भिंती हे पॅक-मॅनचं रूप, आणि इथे निळ्यावर पिवळट-नारिंगी भिंती. काळी पार्श्वभूमी अंतराळातल्या गेमसाठीच, असा अटारीत दंडक असल्याचं फ्राय यांनी नंतर सांगितलं आहे. यात रॅमचा काही संबंध नाही. फळांच्या जागी आलेला तो चौकोनी ‘व्हिटॅमिन’ आणि खाताना होणारा कर्कश खणखणाट यांचंही समर्थन मी करणार नाही. आणि तुमच्या बाजूचा एक मुद्दा तुम्ही लिहिला नाहीत, तो मीच देतो: १९८१ च्या ‘अ‍ॅस्टेरॉइड्स’ची कॅसेट ८ केबीची होती. म्हणजे पॅक-मॅन ४ केबीत कोंबणं हा नाइलाज नव्हता, तो निर्णय होता. मूळ लेखात मी हे लिहायला हवं होतं.

‘मिस पॅक-मॅन’ला ते ८ केबी मिळाले. शिवाय तो केला जनरल कॉम्प्युटर कॉर्पोरेशनने, म्हणजे पार्लरमधला मूळ ‘मिस पॅक-मॅन’ घडवणाऱ्यांनीच. पहिल्या कॅसेटवर लोक कशाने चिडले हे तोवर जगजाहीर झालं होतं. हौशी मंडळींकडे तर पंचवीस वर्षांची साठलेली माहिती होती आणि डोक्यावर तारीख नव्हती. त्यांचं काम अप्रतिम आहे, पण त्या फूटपट्टीने १९८२ च्या एकट्या प्रोग्रामरला मोजणं न्याय्य नाही.

शेवटी तुम्ही लिहिलंत, ‘लहानपणी आमच्या टीव्ही गेमच्या कॅसेटवर पॅक-मॅन व्यवस्थित चालायचा.’ माझ्याकडेही ती अनेक गेमवाली कॅसेट होती. पण ते मशीन निन्टेन्डोच्या १९८३ च्या फॅमिकॉमची नक्कल. त्यात ६४ स्प्राइट आणि मागचं चित्र सांभाळणारी वेगळी चिप. पाच जीव हलवणं त्याला जड नव्हतंच.

जमलं तर अटारीवरचा ‘मिस पॅक-मॅन’ पुन्हा लावा. तिथे वेगवेगळ्या उंचीवरची भुतं स्थिर दिसतात, कारण पडदा वरून खाली रंगत असताना तोच स्प्राइट पुन्हा वापरला आहे. आता तीन भुतांना मागे लावून एकाच आडव्या गल्लीत आणा. तिथे तीही लुकलुकतात.