शून्य युजर, शंभर टक्के प्रायव्हसी

तुम्ही ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांना बघता येईल असं सॉफ्टवेअर बनवताय आणि वर लोकांची प्रायव्हसीही जपायचीय, तर पहिली गोष्ट डोक्यात पक्की बसवा, तुमचं सॉफ्टवेअर कुणाला वापरता येता कामा नये. वापरणाराच नाही तर डेटा फुटेल कुणाचा? एवढं सरळ आहे, पण लोकांना सोपंही पाहिजे आणि सेफही पाहिजे, इथेच तर घोडं पेंड खातं.

घाबरू नका, या कामात आपली परंपरा जुनी आहे. १९९१ साली फिल झिमरमनने पीजीपी हे मजकूर एन्क्रिप्ट करणारं, म्हणजे कुलूपबंद करणारं सॉफ्टवेअर आणलं, ईमेल मधल्यामधे कुणी वाचू नये म्हणून, सोर्स कोडही लोकांसमोर ठेवला, काम एक नंबर. पुढे १९९९ मध्ये दोन संशोधकांनी १२ जणांना पीजीपी ५.० समोर बसवलं, ९० मिनिटं दिली आणि म्हणाले, हा गुप्त मजकूर एन्क्रिप्ट करून, सही करून पाठवा बघू. ४ जणांना जमलं. तिघांनी तर तो गुप्त मजकूर चुकून उघडाच पाठवून दिला. यातून तुम्ही काय शिकायचं? तर उरलेले ८ जण मठ्ठ होते. स्क्रीनबद्दल ब्र काढायचा नाही.

शब्द निवडतानाही असाच सढळ हात ठेवा. एन्क्रिप्शनमधल्या दोन वेगळ्या गोष्टींना एकच नाव द्या, किल्ली, म्हणजे पब्लिक की आणि प्रायव्हेट की. माणूस बिचारा समजतो किल्ली म्हणजे जपून ठेवायची वस्तू, आणि तुम्ही त्याला सांगता की ही एक किल्ली जगभर वाट, काही होत नाही, दुसरी मात्र कुणाला दाखवलीस तर मेलास, आणि कुठली कुलूप लावते नि कुठली उघडते ते मॅन्युअलमध्ये कुठेतरी आहे, शोध. त्याने परत विचारलंच तर मॅन्युअलची लिंक परत द्या.

याची फळं किती गोड असतात बघा. २०१२ च्या डिसेंबरमध्ये एडवर्ड स्नोडेनने, पुढे अमेरिकी सरकारच्या पाळतीची गुपितं फोडणाऱ्याने, ग्लेन ग्रीनवाल्ड या पत्रकाराला नाव न सांगता गाठलं, म्हणाला आधी एन्क्रिप्शन बसव मग बोलू, पायऱ्या लिहून दिल्या, व्हिडिओसुद्धा करून दिला, तरी त्या माणसाकडून ते काही बसेना. शेवटी स्नोडेन माहितीपट बनवणाऱ्या लॉरा पॉइट्रसकडे गेला, तिला हे आधीपासून जमत होतं. एवढी मोठी बातमी दारात ताटकळत उभी राहिली पण आपल्या टूलने सोपं होण्याची लाचारी पत्करली नाही, ऊर भरून येतो हो.

काही वात्रट लोक मात्र तुमची बुद्धी भ्रष्ट करायला येतील, त्यांच्यापासून सांभाळा. टॉर, म्हणजे इंटरनेटवर निनावी फिरू देणारं नेटवर्क, ते बनवणारे रॉजर डिंगलडाइन आणि निक मॅथ्यूसन, यांनी २००६ मध्येच लिहून ठेवलंय की निनावी राहायचं तर आजूबाजूला गर्दी लागते. टॉर तुम्ही एकट्यानेच वापरलं तर पलीकडून बाहेर पडणारी प्रत्येक रिक्वेस्ट तुमचीच असणार, मधे रिले, म्हणजे रिक्वेस्ट पुढे ढकलणारे सर्व्हर, तीन ठेवा नाहीतर तीनशे. म्हणजे सोपं केलं की माणसं वाढतात, माणसं वाढली की त्यांच्यात तुम्ही झाकले जाता, म्हणजे वापरायला अवघड तेच कमी प्रायव्हेट! असला उलटा हिशोब मान्य केला तर तुमच्या सत्तावन्न सेटिंग्जच्या पानाचं काय करायचं? उलट ते पान वाढवा. २०१० मध्ये ईएफएफ या डिजिटल हक्कांसाठी लढणाऱ्या संस्थेने लोकांचे ब्राउझर तपासले तर ८३.६ टक्के ब्राउझर फॉन्ट, प्लगिन, स्क्रीन साइज असल्या बारीकसारीक गोष्टींवरून एकमेवाद्वितीय निघाले, असं वेगळं ओळखू येऊ नये म्हणून टॉर ब्राउझरवाले सांगतात की आहे तसा वापरा, एक्स्टेंशन घालू नका. तुम्ही ऐकू नका. तीस स्विच फिरवा, सात एक्स्टेंशन घाला, की असा ब्राउझर जगात एकच, तुमचा. लपायचं म्हणून भर दुपारी काळी चादर पांघरून चौकात उभं राहायचं, तसं.

आता समजा एवढं करूनही युजर आलेच, तर एकदम पलटी मारा. टेलिमेट्री, म्हणजे कोण काय कसं वापरतं ते तुम्हाला कळवणारी सोय, डीफॉल्ट चालू, आणि बंद करायचं बटण असं ठेवा की 'आम्ही दिलंय की बटण' असं म्हणता आलं पाहिजे. उबंटू या ऑपरेटिंग सिस्टिमने २०१२ च्या १२.१० आवृत्तीत दाखवलंच, माणूस आपल्याच कॉम्प्युटरवर आपलीच फाइल शोधायचा आणि टाइप केलेला शब्द बाहेरच्या सर्व्हरवर जाऊन अ‍ॅमेझॉनवरच्या वस्तू घेऊन यायचा. बोंबाबोंब झाली, पण डीफॉल्ट बंद झालं ते १६.०४ ला, साडेतीन वर्षं आरामात. नाहीतर ते डेबियन, तशीच दुसरी सिस्टिम, कुठली पॅकेजेस, म्हणजे कुठली सॉफ्टवेअर वापरता ते कळवू का असं इन्स्टॉल करतानाच विचारतात, आणि उत्तर आधीपासून 'नाही'! गो या प्रोग्रामिंग भाषेच्या टीमनेही २०२३ मध्ये आधी डीफॉल्ट चालू ठेवायचा प्रस्ताव मांडला आणि लोक ओरडल्यावर विचारून घेऊ म्हणाले, पाठीला कणाच नाही. (मी स्वतः दरवेळी 'नाही'च दाबतो, आणि मी वापरतो ते फीचर कुणी वापरत नाही असं समजून काढून टाकलं की सगळ्यात मोठ्याने मीच ओरडतो.)

राहिली घरची माणसं. आई म्हणाली, सिग्नल हे मेसेजिंग अ‍ॅप घालू का रे फोनमध्ये, तर लगेच नाही म्हणा, रजिस्टर करायला फोन नंबर मागतं ते, २०२४ मध्ये युजरनेम आले म्हणून काय झालं. त्यापेक्षा आई, तू आधी एक सर्व्हर निवड, मग क्लायंट, म्हणजे अ‍ॅप निवड, ओमेमो, म्हणजे त्यातलं एन्क्रिप्शन चालू आहे का बघ, आणि मग फिंगरप्रिंट पडताळ. आई स्क्रीनवर अंगठा टेकवेल, तुम्हाला हवा असतो किल्लीची ओळख पटवणारा लांबलचक कोड. तुम्ही उसासा टाकून पहिल्यापासून समजावा. दोन दिवसांनी ती जुन्या अ‍ॅपवर परत गेलेली असेल, तिथे मावशी आहे, शेजारीण आहे, रोजचे फोटो आहेत. तुमच्या अ‍ॅपमध्ये छान शांतता, कॉन्टॅक्ट लिस्टमध्ये एकच नाव, तुमचाच दुसरा फोन, आणि त्याच्यापुढे हिरव्या अक्षरात, व्हेरिफाइड.