बोलणी खाल्ल्याशिवाय माणूस घडत नाही म्हणे!

"पूर्वी कुठे होतं डिप्रेशन?" अशी सुरुवात असलेला तो पाच मुद्द्यांचा मेसेज तुमच्याही ग्रुपवर आला असेल. मी सोडून दिला असता, पण आमच्या मावशीने तो मुद्दाम माझ्या मावसबहिणीला पाठवला. ती एका प्रायव्हेट हॉस्पिटलात स्टाफ नर्स आहे, पहिलीच नोकरी, झोप उडालीय, ड्युटीला जायच्या आधी पोटात गोळा येतो. हे तिने घरी सांगितलं आणि उत्तर म्हणून हा मेसेज मिळाला, म्हणून लिहितेय.

पूर्वी डिप्रेशन नव्हतं, हा पहिला मुद्दा. होतं हो. तेव्हा त्याला डोक्यावर परिणाम झालाय म्हणायचे नाहीतर अंगारा लावायचे, एवढंच.

दुसरा मुद्दा सगळ्यात घातक. वरिष्ठांनी चारचौघांत झापलं की माणूस घडतो, ऑफिसात मोकळं बोलायची मुभा दिली की लोक शेफारतात. माझ्या बहिणीच्या वॉर्डात काय झालं ते ऐका. तिथल्या इन्चार्ज सिस्टर पेशंटच्या नातेवाईकांसमोर ओरडतात, वर मेमो देतात. एका नाइटला आधीच्या शिफ्टने अँटिबायोटिकचं इंजेक्शन देऊन ट्रीटमेंट शीटवर सही केलीच नव्हती, हँडओव्हर घाईत झाला, हिने रिकामा रकाना बघून परत दिलं आणि मग कचऱ्याच्या ट्रेमध्ये आधीची व्हायल दिसली. हिने आधी फोन कुणाला केला? मला! डॉक्टरांना सांगू का, नोकरी जाईल का, असं विचारत होती. मी ओरडले तेव्हा तिने आरएमओला, म्हणजे ड्युटीवरच्या डॉक्टरांना उठवलं. पेशंटला काही झालं नाही, पण मधली ती मिनिटं फक्त भीतीपायी वाया गेली. त्या झापण्याने कोण घडलं सांगा मला.

आणि हे काही माझं एकटीचं मत नाही. एमी एडमंडसन नावाच्या हार्वर्डच्या संशोधक आहेत, त्यांनी 1990च्या दशकात हॉस्पिटलातल्या टीम्सकडून औषधं देताना होणाऱ्या चुका तपासल्या. चांगल्या टीमकडून कमी चुका होतील असा त्यांचा अंदाज होता, आकडे उलटे आले, चांगल्या टीम्सच्या नावावर चुका जास्त! मग वॉर्डात जाऊन बघितल्यावर कळलं की तिथे लोक न घाबरता चूक सांगत होते म्हणून ती कागदावर येत होती, आणि जिथे इन्चार्जचा धाक होता तिथे लपवत होते. यावरूनच पुढे 1999 मध्ये त्यांनी टीममधल्या मानसिक सुरक्षिततेवर, म्हणजे न घाबरता बोलता येण्यावर, तो गाजलेला पेपर लिहिला. यात लाड कुठे आहेत? हा पेशंटच्या जिवाचा प्रश्न आहे.

तिसरा, कामात बुडवून घ्या, डिप्रेशन पळतं. अर्धं खरंय, मान्य करते, हाताला काम असलं की बऱ्याच जणांना बरं वाटतं. पण बुडवून घेणं म्हणजे किती? आठवड्याला 55 तास किंवा जास्त काम करणाऱ्यांना 35-40 तासवाल्यांपेक्षा स्ट्रोकचा धोका अंदाजे 35 टक्के जास्त, असं डब्ल्यूएचओ (जागतिक आरोग्य संघटना) आणि आयएलओने (आंतरराष्ट्रीय कामगार संघटना) 2021 मध्ये सांगितलंय. डबल ड्युटी लावणाऱ्यांनी हे वाचावं.

चौथा, गोळ्या सुरू झाल्या की सुटत नाहीत. डिप्रेशनच्या नेहमीच्या गोळ्यांची नशेसारखी सवय लागत नाही. एकदम बंद केल्या तर त्रास होतो, म्हणून डॉक्टर हळूहळू कमी करतात. मेसेज वाचून कुणी मनाने बंद करू नका, प्लीज.

शेवटचा, ऑफिसात कुणाला सांगू नका. यात तथ्य आहे, नाइलाजाने म्हणते, कारण सांगितल्यावर प्रमोशन अडकलेली माणसं मी पाहिलीत. पण साहेबाला सांगणं वेगळं आणि डॉक्टरला सांगणं वेगळं. 2017च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचाराची माहिती गुप्त ठेवायचा हक्क दिलाय. डॉक्टरकडे जायचं धाडस होत नसेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा सरकारी नंबर आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. मावशीलाही मी हाच नंबर पाठवलाय, आता हा फॉरवर्ड कर म्हटलं.