ओळखपत्र हवंय? आधी शाळा काढा

तुमचं मूल शाळेत न जाता घरीच शिकतंय? अभिनंदन. इतकी वर्षं तुम्हाला वाटत असेल की अवघड काम म्हणजे त्रिकोणमिती शिकवणं. किंवा "मग हिला मैत्रिणी कशा मिळणार हो?" या प्रश्नाला दर लग्नात, दर मुंजीत, हातातली जिलबी गार होईपर्यंत उत्तर देणं. छे! ते सगळं सोपं होतं. मूल सतरा वर्षांचं झालं, प्रवेश परीक्षांचे फॉर्म भरायची वेळ आली, की खरी परीक्षा सुरू होते, आणि तिला आईबाप बसतात. अभ्यासक्रम एका ओळीचा: उमेदवाराचा फोटो असलेलं मूळ ओळखपत्र.

गेल्या महिन्यात मी ही परीक्षा दिली. अनुभव ताजा आहे, डोकं अजून तापलेलं आहे, तेव्हा चार सूचना देऊन ठेवते.

पहिल्यांदा यादी वाचा आणि खूश व्हा. इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेच्या, म्हणजे जेईई मेनच्या माहितीपुस्तिकेतली यादी बघा, किती उदार आहे. शाळेचं ओळखपत्र चालेल, पॅन चालेल, ड्रायव्हिंग लायसन्स, मतदार ओळखपत्र, पासपोर्ट, आधार, फोटो असलेलं रेशनकार्ड, बारावीचं हॉलतिकीट, फोटो असलेलं बँकेचं पासबुक, काहीही चालेल. मोबाईलमधला फोटो आणि झेरॉक्स मात्र चालणार नाही. आता एकेक खोडत चला. मतदार ओळखपत्र अठराव्या वर्षी. लायसन्स सोळाव्या वर्षी मिळतं, पण बिनगिअरच्या 50 सीसीपर्यंतच्या गाडीचं. तशी गाडी आमच्या गल्लीत शेवटची दिसली ती भंगारवाल्याच्या टेम्पोत. पॅन काढता येतं, काढलंही, पण अल्पवयीन मुलांच्या पॅनवर फोटो नसतो. सहीसुद्धा नसते. आमच्या रेशनकार्डावर फोटो आहे, तो सासूबाईंचा, कारण 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यानुसार घरातली सगळ्यात मोठी बाई कुटुंबप्रमुख. त्यांना पाठवलं असतं परीक्षेला, पण कॅल्क्युलस कच्चं आहे. बारावीचं हॉलतिकीट बारावीच्या परीक्षेच्या तोंडावर येतं आणि जेईईचं पहिलं सत्र असतं जानेवारीत. पासबुकासाठी बँकेत गेलो तर त्यांनी खातं उघडायला आधार मागितलं.

राहिलं शाळेचं ओळखपत्र. ते आमच्याकडे आहे! मुलगी एनआयओएसमधून, म्हणजे केंद्र सरकारच्या मुक्त विद्यालयातून बारावी करते. त्यांचं ओळखपत्र पोर्टलवरून उतरवून घरच्या प्रिंटरवर छापायचं असतं. छापलं, अभ्यासकेंद्राचा शिक्का मारून आणला, लॅमिनेट केलं, आणि एका खासगी विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेला घेऊन गेलो. फाटकावरच्या गार्डने ते उलटसुलट केलं, नखाने लॅमिनेशनची कड उचकटून पाहिली.

"हे तुम्हीच छापलंय ना?"

"हो, सगळेच छापतात."

"मुक्त म्हणजे ते नाशिकचं ना? ते तर मोठ्या माणसांचं असतं."

नाशिकचं ते यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ, हे वेगळं, असं मी सांगेपर्यंत मागची रांग माझ्या पाठीवर आली होती. मग आधार काढलं. आधारवरच्या फोटोत माझी मुलगी पाच वर्षांची आहे. दोन शेंड्या, शेंबडं नाक, बोटांचे ठसे देताना रडून लाल झालेले डोळे. गार्डने एकदा कार्डाकडे, एकदा समोरच्या पाच फूट पाच इंची पोरीकडे पाहिलं आणि विचारलं, "ही धाकटी का?" शेवटी एका कोऱ्या कागदावर हमीपत्र लिहून घेतलं आणि पेपर सुरू व्हायला सहा मिनिटं असताना तिला आत सोडलं.

म्हणून दुसरी सूचना: आधारवरचा फोटो बदलून घ्या. पंधराव्या वर्षी ठसे, बुबुळं आणि फोटो नव्याने द्यायचेच असतात. शाळेतल्या मुलांसाठी शाळेत शिबिर लागतं. आमच्याकडे लावायचं तर ओट्यापाशी लावावं लागलं असतं. हे काम ऑनलाइन होत नाही, केंद्रावरच जावं लागतं. पण काही अवघड नाही. सकाळी सात वाजता जा. टोकन दहाला वाटतात, पण तुम्ही सातला जा, कारण तुमच्या आधी सहाला आलेले असतात. सोबत पाण्याची बाटली, छत्री, आणि परीक्षा तोंडावर आली असेल तर मुलीला भौतिकशास्त्राचं पुस्तक द्या. माझ्या मुलीने त्या पायरीवर बसून चुंबकत्वाचं अख्खं प्रकरण संपवलं. साडेअकराला आमचा नंबर लागला.

"बोनाफाईड?" खुर्चीतला माणूस मान वर न करता म्हणाला.

"शाळेत नाही जात ती. एनआयओएसमधून बारावी करते. हे ओळखपत्र."

"म्हणजे शाळा सोडली."

"हो."

"मग सोडल्याचा दाखला दाखवा."

दाखवला. चौथीचा.

"हा चौथीचा आहे. पाचवीपासून काय केलं?"

"घरी शिकली."

आता मात्र त्याने मान वर केली. आधी तिच्याकडे नीट पाहिलं, मग आवाज खाली आणून मला विचारलं, "आजारी होती का, मॅडम?"

मुलगी बाजूलाच उभी होती. कान चांगले आहेत तिचे.

मी म्हटलं, नुसता फोटो आणि ठसे बदलायचे असतील तर कुठलाच कागद लागत नाही, तुमच्या मागच्या भिंतीवर लिहिलंय. तो म्हणाला, "सिस्टीम घेत नाही." सिस्टीमच्या पडद्यावर तेव्हा धबधब्याचं चित्र होतं. पासवर्डसुद्धा टाकलेला नव्हता. न विचारताच नाही म्हणणारी अशी सिस्टीम मी फक्त आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीत पाहिली आहे. मग त्याने एक छापील नमुना पुढे सरकवला. "यावर सही आणा."

तिसरी सूचना, सही कुणाची आणायची. नमुन्यात पर्याय भरपूर आहेत: राजपत्रित अधिकारी, तहसीलदार, आमदार, खासदार, नगरसेवक, शाळेचे मुख्याध्यापक. आमच्या शेजारचे काका राजपत्रित होते, पण निवृत्त झाले, शिक्का कार्यालयात ठेवून आले. आमदारांच्या ऑफिसात साहेब नव्हते. कधी येतील ते त्यांच्या माणसालाही माहीत नव्हतं. नगरसेवकांचं म्हणाल, तर आमच्या पुण्यात मार्च 2022 नंतर कित्येक वर्षं नगरसेवक नावाची जमातच नव्हती, प्रशासक होते, त्यामुळे आपल्या वॉर्डाचा कोण हे विचारायची सवयच गेलेली. राहिले मुख्याध्यापक. घरी शिकणाऱ्या मुलीचे मुख्याध्यापक कोण? मीच. सही करून आणली असती, पण माझा गोल शिक्का नाही. रात्री जेवताना मुलगी म्हणाली, "आई, मी एखाद्या शाळेत एक दिवस जाऊन येऊ का?"

हाच खरा मार्ग आहे, हे मला तेव्हा पटलं. पालकहो, तुम्ही शाळाच काढा. एक खोली, एक फळा, एक गोल शिक्का, बाहेर पाटी. विद्यार्थिसंख्या एक. बोनाफाईड देऊन झालं की शाळा बंद करा. 'शाळा करणे' याचा मराठीत दुसरा अर्थही आहे, तोही इथे लागू पडेल.

नावाचा क्रम: आधारवर आडनाव शेवटी, दुसऱ्या कागदावर आडनाव आधी. घाबरू नका, फक्त प्रतिज्ञापत्र करा.

फोटो: पांढरी पार्श्वभूमी, दोन्ही कान दिसले पाहिजेत. केस मागे घ्या.

नातेवाईक: "तरी मी म्हणत होते" हे वाक्य येईल. येऊ द्या.

चार दिवसांनी नवऱ्याच्या मित्राने सांगितलं म्हणून दुसऱ्या एका केंद्रावर गेलो. तिथे एक तरुण मुलगी बसली होती, कपाळावर हळदीकुंकू, शेजारी डब्याची पिशवी. तिने आधार क्रमांक विचारला. माझ्या मुलीला स्टुलावर बसवलं, "केस कानामागे घे गं" म्हणाली, फोटो काढला, ठसे घेतले, बुबुळं टिपली, पावती हातात दिली. अकरा मिनिटं. बोनाफाईड नाही, दाखला नाही, सही नाही. मी वेड्यासारखी विचारत होते, "आणखी काही कागद?" ती म्हणाली, "फोटोला कशाला कागद, काकू?"

मी घरी येऊन आनंदाने चहा केला असेल असं तुम्हाला वाटेल. नाही. मला इतका संताप आला की सांगता सोय नाही. कारण नियम वाईट नव्हता. नियम चांगला होता, स्पष्ट होता आणि छापलेला होता. एक माणूस तो वाचत नव्हता, एवढंच. त्या एकापायी चार दिवस गेले, दोन रजा गेल्या, आणि वर एका हुशार मुलीला चारचौघांत 'आजारी होती का' ऐकून घ्यावं लागलं.

तेव्हा आता सूचना पालकांना नाहीत. तुम्हाला आहेत, खुर्चीतल्या साहेब आणि फाटकावरच्या दादा. देशात शाळेबाहेरून बारावी करणारी मुलं आहेत. त्यांच्यासाठी सरकारनेच 1989 मध्ये मुक्त विद्यालय काढलं, तुमच्या जन्माच्या आसपास. ही मुलं 'नीट'ला, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेला पात्र आहेत, यावर 2024 मध्ये सुप्रीम कोर्टापर्यंत जाऊन शिक्कामोर्तब झालंय. त्यांना तुमच्या दयेची गरज नाही, आजाराची चौकशी नको. घरी शिकली म्हणजे मुलगी गायब नव्हती हो! ती तुमच्यासमोर सव्वापाच फुटांहून उंच उभी होती, स्वतःचे डोळे आणि दहा बोटं घेऊन. तुम्हाला फक्त यंत्र सुरू करायचं होतं. नाही म्हणायच्या आधी एकदा, फक्त एकदा, खुर्ची फिरवा. तुमच्या डोक्यामागे फलक आहे. त्यावर कशाला कोणता कागद लागतो ते लिहिलंय, फोटोच्या पुढे 'कागदपत्राची गरज नाही' असं लिहिलंय.

वाचा की. मराठीतच आहे.