पाणी मागितलं, तिने संडास दाखवला

आज मिशन रविवार, म्हणजे चर्चमध्ये मिशनरी कामासाठी देणगी गोळा करायचा दिवस. मिस्सा (रविवारची उपासना) संपल्यावर दारात पोरं उभी होती, हातात देणगीची पाकिटं. पाकिटावर तोच फोटो. कुठला ते तुम्हाला माहीत आहे. डोळ्याच्या कडेला माशी, हातात रिकामी ताटली, मागे नुसती माती. आणि त्याआधी बाहेरून आलेल्या फादरांनी वीस मिनिटं सांगितलं की मिशनरी कसे सर्वस्व वाहतात, कसे अंधारात दिवा घेऊन जातात. चर्च कुठलं ते विचारू नका, उगाच भांडण नको.

कसला दिवा? मी गेले तेव्हा माझ्याकडे टॉर्च होता आणि त्याचे सेल दुसऱ्याच आठवड्यात संपले.

जुन्या मित्रमैत्रिणींना ठाऊक आहे, मी तीन वर्षं टांझानियात होते. दोडोमाकडच्या एका गावात सिस्टरांचा दवाखाना होता, तिथे नर्स म्हणून. सुका मुलूख, काटेरी झुडपं आणि मध्येच एखादी अवाढव्य गोरखचिंच. पहिल्याच आठवड्यात एका म्हाताऱ्या बाईंनी घरी प्रार्थनेला बोलावलं. तिकडे आजीला बीबी म्हणतात. बीबी म्हणाली, 'साआ कुमी ना मोजा'. मी बोटं मोजली. कुमी दहा, मोजा एक. अकरा. सकाळी अकराला मी तिच्या दारात. अर्धा तास उन्हात चालून, घशाला कोरड पडलेली.

आता हे कुणी आधी सांगितलं असतं तर! तिकडच्या स्वाहिली भाषेत दिवसाचं घड्याळ सूर्योदयापासून चालतं. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक. त्यांचे अकरा म्हणजे संध्याकाळचे पाच. सहा तास आधी पोचलेली पाहुणी! आपल्याकडे अशी कुणी टपकली तर आपण दार अर्धवट उघडून तिथूनच बोलू. बीबीने चटई अंथरली आणि 'करीबू' म्हणाली. या, बसा.

मग मी पाणी मागितलं. पिणे म्हणजे 'कुन्यवा'. मी म्हणाले 'कुन्या'. तो मधला 'व' जिभेवर आलाच नाही. 'नाताका कुन्या', मी अगदी नम्रपणे म्हणाले. बीबीने शांतपणे घरामागचा संडास दाखवला. मला वाटलं पाण्याचा माठ तिकडे असेल. गेले, बघितलं, परत आले. पुन्हा म्हणाले, जरा मोठ्याने. तिने पुन्हा हात केला, या वेळी डोळ्यांत काळजी. तिसऱ्यांदा तिची नात धावत आली आणि माझ्या ओठांकडे बघून पेला घेऊन आली. मी चांगली शिकलेली, मिशनवर आलेली नर्स, एका आजीच्या दारात तीनदा सांगत होते की मला परसाकडे जायचंय.

हे पाकिटावर छापा ना.

थांबा, चहा घेऊन येते, नाहीतर मी काहीतरी वेडंवाकडं लिहीन.

हां. तर पैसे लागतात, हे मलाही कळतं. मलेरियाच्या गोळ्या हसण्यावर मिळत नाहीत. त्या दवाखान्यातलं निम्मं औषध अशाच पाकिटांतून आलेलं असणार. मान्य. पण म्हणून त्या पोराच्या डोळ्यावरची माशी विकायची? बीबीच्या नातीचा असा फोटो काढला असता तर तिने मला झाडूने हाणलं असतं आणि मी खाल्ला असता मार.

आपल्याकडे आणखी एक खोड. आपण संतांच्या फक्त जखमा बघतो. संत गोन्सालो गार्सिया आपल्या वसईचा. 5 फेब्रुवारी 1597 ला नागासाकीत आणखी पंचवीस जणांबरोबर त्याला क्रुसावर चढवून भाल्यांनी मारलं, 1862 मध्ये तो संत झाला, हे आपल्या पोरांना पाठ आहे. पण तो तिथे दुभाष्याचं काम करायचा हे किती जणांना माहीत आहे? वसईचा पोरगा जपानी बोलत होता. पहिल्यांदा बोलताना काहीतरी 'कुन्या' झालं असणारच ना त्याचं? मला तर तो भाल्यांपेक्षा त्या बोलण्यामुळे जास्त जवळचा वाटतो.

घरी येताना बस अंधेरीच्या सीप्झ औद्योगिक वसाहतीवरून आली. आत ते 1579 चं जेझुइटांचं पडकं चर्च आहे आणि तिथली गोरखचिंच. टांझानियात तिला म्बुयू म्हणतात. ती दिसली आणि राग अर्धा उतरला.

त्या दिवशी मी सहा तास बीबीकडे काढले. स्वयंपाकघरात तिने पाल्याची जुडी पुढे टाकली. म्चिचा. हातात घेतला तर आपला माठ! तो मात्र मला निवडता येत होता. देठ मोडत, किडकी पानं बाजूला काढत बसले. सगळ्या दिवसात धड जमलेलं तेवढं एकच काम. पाचला लोक आले तेव्हा बीबीने सांगितलं की ही आमची दादा मुद्दाम लवकर आली, मला मदत करायला. तिकडे दादा म्हणजे ताई. (काका म्हणजे भाऊ आणि मामा म्हणजे आई. हे फोनवर ऐकून माझी आई म्हणाली, 'मग तुझ्या मामाला काय म्हणायचं गं?')

खोटं बोलली म्हातारी. सगळ्यांसमोर, प्रार्थनेच्या आधी, माझी लाज राखायला.

मग सगळे उभे राहिले आणि सुरू झालं, 'बाबा येतू...' म्हणजे 'हे आमच्या बापा'. अर्थ मला नंतर कळला. त्या क्षणी कानांनी मराठीच ऐकलं. बाबा, येतू. आमचे बाबा रोज सकाळी डबा घेऊन निघताना दारातून हेच म्हणायचे, 'येतू गं'. जातो कधीच म्हणाले नाहीत. मी निघायच्या आधीच्या पावसाळ्यात गेले ते. मातीच्या अंगणात मी ढसाढसा रडले आणि त्या लोकांना वाटलं हिची भक्ती काय मोठी. बीबीने खांद्यावर हात ठेवला, 'पोले' म्हणाली, म्हणजे वाईट वाटलं गं. नातीने न मागता पाणी आणलं.

त्यानंतर जेवायला उगाली, म्हणजे बाजरीच्या पिठाची घट्ट उकड, आणि मी निवडलेला माठ. त्यात एक चिवट देठ राहिला होता. तो नेमका बीबीच्या ताटात गेला. काही बोलली नाही, चावत राहिली.

पाकीट फ्रिजवर ठेवलंय, फोटो खाली करून. पैसे घातलेत, पुढच्या रविवारी नेऊन देईन. फादर भेटले तर बोलणार आहे. भेटले तर.