तटस्थ जागा, वन बीएचके

भित्र्या माणसाला ‘सशाचं काळीज’ म्हणणाऱ्यानं घरात दोन ससे कधी पाळले नसणार. आमचा बंड्या आणि चिंगी एकमेकांवर तुटून पडले, तेव्हा हॉलभर केसांचे पुंजके पंख्याच्या वाऱ्यावर तरंगत होते. आधी कान मागे, शेपट्या वर. मग एकमेकांभोवती गोल गोल फिरणं, आणि पुढच्या क्षणी कोण कुठला ते कळू नये अशी भिंगरी. सशाचे दात जन्मभर वाढत असतात, आणि त्या घटकेला ते सगळे कामाला लागलेले होते. नवरा मध्ये हात घालणार, तेवढ्यात सासूबाईंनी भिंगरीवर पंचा टाकला. त्यांच्या माहेरी एकत्र कुटुंब होतं.

कालपर्यंत हीच जोडी एकमेकांचे कान चाटत होती. दोघांची नसबंदी कधीच झालेली. त्या ऑपरेशननंतरही नराचं डोकं थंड व्हायला चांगला महिना-दीड महिना जातो, पण तोही उलटून गेलेला, म्हणजे हार्मोन्सवर ढकलायची सोय नव्हती. कारण निघालं वासाचं. चिंगीनं गवताला तोंड लावलं नाही. बारा तास पोट रिकामं राहिलं तरी सशाच्या जिवावर बेतू शकतं, म्हणून तिला परळच्या बैलघोडा हॉस्पिटलात नेलं. (या हॉस्पिटलला भारदस्त पारशी नाव आहे. टॅक्सीवाल्याला ते सांगून पाहावं.) बरी होऊन आली, पण अंगाला औषधांचा आणि परक्या कुत्र्यामांजरांचा वास घेऊन. ससा आपलं माणूस नाकानं ओळखतो. बंड्याच्या लेखी चिंगीचं रूप घेऊन कुणीतरी घुसखोर आला होता. आता एकाची नखं कापायची असली तरी दोघंही जातात. कंपाउंडर विचारतो, “पेशंट कोण?” मी सांगते, “डावीकडची.” “आणि हा?” “नातेवाईक.”

डॉक्टर म्हणाले, वेगळे ठेवा, पण मध्ये जाळी असू द्या. वास येऊ दे, तोंड दिसू दे. ट्रे आणि सतरंज्या अदलाबदल करत राहा. मग हळूहळू तटस्थ जागेत समोरासमोर आणा. तटस्थ म्हणजे जिथे दोघांपैकी कुणीही आजवर पाऊल टाकलेलं नाही, अशी.

पार्ल्यात. वन बीएचकेमध्ये.

सशाच्या हनुवटीखाली वासाची ग्रंथी असते. वस्तूला हनुवटी घासली की ती त्याची. सोफा, फ्रिजचा कोपरा, गॅसचा सिलिंडर, नवऱ्याची ऑफिसची बॅग, सगळ्यावर ताबा नोंदवून झालेला होता. परदेशातले लोक याकामी बाथटब वापरतात म्हणे. आमच्या बाथरूममध्ये बादली, वॉशिंग मशीन आणि मी एवढंच मावतं. गच्ची? तिची किल्ली सेक्रेटरींकडे, आणि रीडेव्हलपमेंटच्या मीटिंगपासून आमचं बोलणं नाही. शिवाय पारा तिशीपार गेला की सशाला उष्माघाताची भीती असते. लिफ्ट मात्र खरोखर तटस्थ होती, पण ऐन बोलणीत तिसऱ्या मजल्यानं बटण दाबलं.

कुणीतरी सुचवलं की दोघांना एका टोपलीत घालून गाडीतून फिरवा, घाबरून बिलगतात. बिलगतात, खरं आहे. पण भीतीपोटी चिकटणं म्हणजे प्रेम नव्हे, हे सकाळच्या विरार लोकलमध्ये कुणीही सांगेल.

शेवटी शेजारच्या काकूंनी मुलाची रिकामी खोली दिली. गुळगुळीत फरशीवर ससे बिचकतात, म्हणून चटया अंथरल्या. मी हातात पंचा घेऊन कोपऱ्यात. चिंगी सरळ बंड्याच्या पाठीवर चढली. काकू चपापल्या.

“अगं, ही मादी ना?”

“हो काकू. घरात कुणाचं चालणार, ते ठरवतायत.”

“मग बरोबर आहे,” काकू म्हणाल्या, आणि चहा टाकायला गेल्या.

रोज थोडा थोडा वेळ हे चाललं. मारामारी थांबली आणि त्याहून अवघड प्रकरण सुरू झालं: मानपान. ज्याला चाटून घ्यायचं असतं तो डोकं जमिनीला टेकवून पुढे करतो. इथे दोघांनीही डोकी टेकवली, कपाळाला कपाळ लावून. पहिली जीभ कुणी काढायची? लग्नातल्या विहिणींसारखे दोघं रुसून बसलेले, आणि मध्ये मी, वधूपक्ष. मग दोघांच्या कपाळांना कुस्करलेलं केळं चोळलं. बंड्यानं आधी केळं चाटलं, आणि केळं संपल्यावरही चाटत राहिला. चिंगीनं डोळे मिटून घेतले. काकूंना मी आनंदाच्या भरात मिठी मारली, तेही केळ्याच्या हातांनी.

त्यांना घरी परत आणण्याआधी जुने वास पुसायला अख्खं घर व्हिनेगरनं धुतलं. पाहुण्यांना वाटलं आम्ही लोणच्याचा धंदा काढलाय. पुन्हा वाद नको म्हणून आता गवताचे ढीग दोन, वाट्या दोन, शी-शूचे ट्रे दोन. दुसरा ट्रे ठेवायला नवऱ्याचं कामाचं टेबल काढावं लागलं. बंड्यानं आल्या आल्या सासूबाईंच्या आरामखुर्चीच्या पायाला हनुवटी घासली. सासूबाईंनी त्याच्याकडे पाहिलं, पंच्याकडे पाहिलं, आणि ठाण मांडून बसल्या.

नवरा हल्ली लॅपटॉप घेऊन काकूंच्या त्या खोलीत जातो. तिथे छान एकाग्रता होते, म्हणाला. तिथे तुझीही हद्द नाही आणि आईचीही नाही.