दिव्यांग प्रशिक्षण केंद्र काढताय? एका ताज्या लाभार्थ्याचा फुकट सल्ला

दिव्यांगांसाठी रोजगार प्रशिक्षण केंद्र काढावं असं तुमच्या मनात आलंय ना? मग वाट कसली बघताय साहेब, काढाच. मार्चएंड तोंडावर आलाय. पालिकेपासून ग्रामपंचायतीपर्यंत सगळ्यांना आपल्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च झाल्याचं दाखवायचंय, कंपन्यांना समाजकार्यासाठीचा सीएसआर निधी संपवायचाय, आणि आम्ही काय, घरीच असतो. बोलावलं की येतो. मी जन्मापासून पूर्ण अंध, पदवीधर, आणि नुकताच एका केंद्रातून ‘डिजिटल कौशल्य’ घेऊन बाहेर पडलोय. डोकं अजून गरम आहे, तोवर अनुभवाचे चार बोल सांगून टाकतो.

आधी जागा. पहिला मजला घ्या, भाडं कमी पडतं. लिफ्ट असेल तर ती बंद आहे ना, याची खात्री करून घ्या. तळमजलाच नशिबी आला तर दाराशी रॅम्प करा, पण नियमातला नको. नियमाप्रमाणे एक फूट चढायला बारा फूट लांबी लागते. एवढी जागा आणायची कुठून? तीन फुटांत उरका. त्यावर व्हीलचेअर चढत नाही, पण रात्री स्कूटर आत घ्यायला फार सोयीचा पडतो. आमच्या बॅचमधल्या एका ताईंना रोज दोघं जण खुर्चीसकट उचलून आत ठेवायचे. ताई पदर सावरत ‘हळू हो, हळू’ म्हणत राहायच्या आणि सर म्हणायचे, ‘अहो ताई, आम्ही आहोत की!’ सर असायचे सकाळी साडेदहाला. संध्याकाळी ताईंना खाली उतरवायला कोण, हा प्रश्न रोज नव्याने पडायचा.

अर्ज ऑनलाइनच ठेवा. कागदावर छापा, जरा तिरका ठेवून स्कॅन करा आणि पीडीएफ चढवा. आमचा स्क्रीन रीडर, म्हणजे स्क्रीनवरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, तो उघडतो, ‘ब्लँक’ म्हणतो आणि गप्प बसतो. माहितीपत्रक मात्र टाइप केलेलं असू द्या, फक्त स्क्रीन रीडरला कळणाऱ्या युनिकोडात नको, कृतिदेव या जुन्या फॉन्टात करा. मग एकेक अक्षर ऐकत गेलं की ‘महाराष्ट्र’ हा शब्द आमच्या कानात ‘ई जी के जे के’ असा पडतो. ऐकत बसायचं. शेवटी कॅप्चा टाका, ‘चित्रातील अक्षरे ओळखा’. चित्रातली अक्षरं ओळखता आली असती तर तुमच्या दारात कशाला आलो असतो?

यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, ऑनलाइन तपासता येतं, तरी तीन झेरॉक्स घ्याच. साक्षांकित.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले. घाबरून जाऊ नका, वर्ग एकच ठेवा. कर्णबधिर मुलं असतील तर मोठ्याने बोला.

चाळिशीच्या माणसालाही ‘बाळा’ म्हणा. आम्हाला आवडतं.

हजेरी चेहऱ्यावर घ्या. हे फार गमतीचं आहे. सर माझ्या तोंडासमोर मोबाइल धरणार आणि म्हणणार, ‘डोळे मिचकव.’ मी मिचकावतो, ॲप म्हणतं पुन्हा. ‘अरे नीट मिचकव, कॅमेऱ्यात बघ!’ कॅमेरा कुठेय सर? ‘इकडे रे, इकडे!’ इकडे म्हणजे कुठे, ते सांगायला कुणालाच सवड नाही. मागे रांग वाढत जाते, कुणीतरी हसतं, ॲप शेवटी म्हणतं, ‘फेल’. मी समोर उभा आहे, घामाघूम आहे, आणि रेकॉर्डवर गैरहजर आहे. ३० एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने ई-केवायसीच्या, म्हणजे ऑनलाइन ओळख पटवण्याच्या, प्रकरणात सांगून झालंय की डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, डोळे मिचकावण्याला दुसरा पर्याय द्या. पण तो निकाल पडला दिल्लीत. आपल्या तालुक्याला यायला त्याला अजून एसटी मिळालेली नाही.

आता मुख्य विषय, शिकवायचं काय. जाहिरातीत ‘डिजिटल’ लिहा. हॉलमध्ये कॉम्प्युटर ओळीने मांडा आणि उद्घाटनाचे मान्यवर गेले की त्यांना प्लॅस्टिकची कव्हरं घाला. अंध माणसाने विचारलं, ‘यात स्क्रीन रीडर कुठेय?’ तर म्हणा, ‘वरून मंजुरी यायचीय.’ तो म्हणेल, ‘सर, एनव्हीडीए फुकट मिळतं, ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध तरुणांनी २००६ साली सुरू केलं, जगभर चालतं.’ तुम्ही म्हणा, ‘इन्स्टॉल करायचा पासवर्ड ज्यांच्याकडे आहे ते रजेवर आहेत.’ तो म्हणेल, ‘इन्स्टॉल नकोच, माझ्या पेनड्राइव्हवरून चालेल.’ ‘पेनड्राइव्ह लावायचा नाही, व्हायरस येतो.’ मग तो आगाऊ माणूस, म्हणजे मी, गुपचूप कंट्रोल, विंडोज आणि एंटर ही तीन बटणं एकदम दाबणार. विंडोजमध्ये बोलणारा नॅरेटर मुळातच असतो, त्याला कुणाच्या बापाची मंजुरी लागत नाही. मशीन बोलायला लागलं आणि सर धावत आले. ‘अहो बंद करा ते, बाकीच्यांना डिस्टर्ब होतंय!’ मग हेडफोन द्या. हेडफोन बजेटमध्ये नाहीत. बजेटमध्ये फुलांचं तोरण होतं, शाली होत्या, नारळ होते, आमदारांच्या पीएलासुद्धा बुके होता. हेडफोन नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून आम्हा अंधांची रवानगी मागच्या खोलीत. तिथे मेण, साचे आणि वात. का? तर ‘तुम्हाला हे जमेल.’ मला एक्सेलमध्ये पिव्होट टेबल करता येतं. तुम्हाला काय येतं, हे विचारलं असतं तर सांगितलं असतं. कुणी विचारलंच नाही! आमच्यात एक अल्पदृष्टी पोरगा होता, नुकताच बारावी झालेला, खेड्यावरून एसटीने यायचा. तो खरोखर कॉम्प्युटर शिकायला आलेला. त्याला फार काही लागत नव्हतं. विंडोज आणि अधिकचं बटण दाबलं की स्क्रीनवर भिंग उघडतं, तेवढं पुरलं असतं. तो साच्यात वात ओवत बसला. वात मधोमध राहावी म्हणून साच्यावर आडवी काडी ठेवायची, मेण ओतायचं, निवताना मधे खड्डा पडला की पुन्हा थोडं ओतायचं. एवढं त्याला पहिल्याच सकाळी चहाच्या सुट्टीच्या आत आलं. उरलेला सगळा कोर्स तो तेच करत होता.

आणि भाषणात उदाहरण कुणाचं? महाबळेश्वरच्या भावेश भाटियांचं. अहो, त्या माणसाने स्वतः अंध असून मेणबत्तीच्याच धंद्यात नाव काढलं, कित्येक अंधांना काम दिलं, हे खरंच आहे. पण ते वात ओवून झालं का? हातगाडी लावून गिऱ्हाईक केलं, माल खपवला, तेव्हा कुठे धंदा उभा राहिला. मेण कुठून घ्यायचं, काय भावाने, एका नगाला खर्च किती पडतो, दुकानदार उधारी कशी लांबवतो, यातलं एक अवाक्षर आम्हाला कुणी सांगितलं नाही. आमच्या मेणबत्त्या एका ऑफिसच्या लॉबीत टेबलावर मांडल्या, मॅडम लोकांनी ‘किती गोड’ म्हणत दोन-दोन घेतल्या, आणि प्रदर्शन संपल्यावर गिऱ्हाईकही संपलं. याला तुम्ही रोजगार म्हणता?

मेणबत्त्यांचा कंटाळा आला तर खडू करायला शिकवा. शाळाशाळांत डिजिटल फळे लागले म्हणून काय झालं.

फोटो दर तासाला काढा. कधी काढले ते आम्हाला कळत नाही.

प्लेसमेंटही दाखवावी लागते. त्याची युक्ती अशी: पॅकिंगच्या कामाचं पत्र द्या, रात्रपाळीचं, दोन जिल्हे ओलांडून पलीकडच्या एमआयडीसीत. राहायची सोय स्वतः करायची. माणूस नाही म्हणाला की रजिस्टरात लिहा, ‘लाभार्थी अनुत्सुक’. मग पुढच्या मीटिंगमध्ये मान हलवत म्हणा, ‘आम्ही खूप करतो हो, पण यांनाच काम करायची इच्छा नसते.’

राहता राहिलं सर्टिफिकेट. महिने-महिने मेण ओतल्यावर मला जे सर्टिफिकेट मिळालं ते बायकोने वाचून दाखवलं. त्यावर लिहिलंय ‘डेटा एंट्री ऑपरेटर’. सगळ्यांना तेच. त्या पोरालाही.

आता उपरोध बास झाला, माझ्याच्याने जमत नाही. तुम्ही खोटं सर्टिफिकेट दिलंय. त्याला दुसरा शब्द नाही. उद्या तो पोरगा हा कागद घेऊन मुलाखतीला जाईल, समोरचा म्हणेल ‘एक कॉलम टाइप कर’, आणि तो गप्प उभा राहील. तिथून तो एकटा परत येणार नाही. ‘हे लोक असेच, कागद असतो पण येत काही नाही’ हा शिक्का आम्हा सगळ्यांच्या कपाळावर मारून येईल. पुढच्या वेळी मी गेलो की मला दारातच चहा पाजून परत पाठवतील. सरकारी नोकरीत ४ टक्के जागा आमच्या आहेत, त्यातली १ टक्का अंध आणि अल्पदृष्टी लोकांची. त्या खुर्चीत बसून काम करील असा माणूस घडवायला तुम्हाला पैसे मिळतात. तोरणाला नाही मिळत.

कायदा तरी वाचा. २०१६ चा, कलम १९. सगळ्यांसाठी जे प्रशिक्षण चालतं त्यातच दिव्यांगांना घ्या आणि त्यासाठी लागणारी साधनं पुरवा, असं त्यात सरळ लिहिलंय. म्हणजे गावातल्या आयटीआयमध्ये, इतर पोरांच्या शेजारी. वेगळे वर्ग त्यात सांगितलेत ते बौद्धिक अपंगत्व, स्वमग्नता, बहुविकलांगता अशांसाठी, आणि तेही बाजाराशी सांगड घालून. लॉबीतलं टेबल म्हणजे बाजार नव्हे. कायदा मोडला तर दंड आहे, पहिल्या वेळी १० हजारांपर्यंत. तेवढे तर तुमच्या उद्घाटनाच्या फ्लेक्सला गेले असतील, म्हणून भीती नाही.

परवा त्या पोराचा फोन आला होता. ‘दादा, फाइल सेव्ह कशी करायची?’ चुलतभावाच्या जुन्या लॅपटॉपवर बसलाय. आता रोज रात्री जेवण झालं की फोनवर शिकवतोय त्याला. भिंग पाच मिनिटांत जमलं. पाच मिनिटं! तुमच्या हॉलमध्ये त्याला ती मिळाली नाहीत.

आणि पुढच्या बॅचची जाहिरात आलीसुद्धा. ‘जागा मर्यादित, त्वरा करा.’ त्वरा तुम्ही करा. आधी चार कारखाने, दोन बँका, एखादं कॉल सेंटर, इथे फोन लावा आणि विचारा, माणूस कसा हवाय, त्याला काय यायला हवं. मग येणाऱ्या प्रत्येकाला विचारा, तुला काय येतं. शिकवणाऱ्याला स्क्रीन रीडर येत नसेल तर आधी त्याला शिकायला पाठवा, आमच्यातलेच कितीतरी जण शिकवतील, मानधन देऊन बोलवा. आणि एवढं जमत नसेल तर केंद्र काढू नका. निधी परत गेला तर जाऊ द्या.